दुखणे कोणत्या वेळेचे?

साडेसाती लागली की गुडघे धरतात, असे आपल्याकडील अनेक ज्येष्ठ मंडळी मानतात. शनी हा वाताचा कारक आणि वात म्हणजे सांधेदुखी, असा तो हिशेब. शनिशिंगणापूरला उघड्या आकाशाखालील शिळेवर तेल वाहून परतणाऱ्या वृद्ध भाविकांत गुडघ्यावर हात टेकीत चालणारे कितीतरी दिसतात. कोणाच्या श्रद्धेत ढवळाढवळ करणे हे या सदराचे काम नव्हे. परंतु ‘साडेसाती सरली की थांबेल’ म्हणून दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढणे, किंवा प्रत्येक दुखण्याला ‘वात’ हे एकच नाव देऊन मोकळे होणे घातक ठरू शकते. म्हणून आपणांस एक विनंती आहे. किती दुखते हे आपण डॉक्टरांना सांगताच. केव्हा दुखते, तेही सांगावे. बरेचसे निदान त्यातच दडलेले असते.

सर्वांत अधिक आढळते ती गुडघ्यांची झीज. बसून उठताना पहिली चार पावले अवघड जातात, पाय मोकळा होतो, आणि दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी ठणका वाढतो. सकाळचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. आपल्या नेवासे तालुक्यात कांद्याची लागवड, खुरपणी, उसाची कामे यांत ज्यांचे आयुष्य उकिडवे बसण्यात गेले, त्या स्त्रियांत हे विशेष दिसते. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती एकदा झिजली की सहजी भरून येत नाही. मात्र ‘झीज’ हा शब्द ऐकताच चालणेच सोडून देणे, हा सर्वांत महागडा उपाय होय. मांडीचे स्नायू गुडघ्याचा भार वाटून घेतात. ते दुबळे झाले की सगळा बोजा झिजलेल्या सांध्यावर येतो. खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच-दहा सेकंद धरावा, सावकाश खाली आणावा. असे दहा वेळा, दोन्ही पायांनी. वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. शौचासाठी कमोडची खुर्ची आणावी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण नेमकी उलट धरतात!

आता दुसरे घड्याळ. सकाळी तासाहून अधिक काळ बोटे आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, आणि हालचाल केल्यावर बरे वाटते. हा बहुधा आमवात. यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पहिल्या काही महिन्यांतच औषधोपचार सुरू झाला तर बोटे वाकडी होणे टाळता येते. येथे वाट पाहणे परवडत नाही. मध्यरात्री पायाचा अंगठा लाल होऊन चादरीचा स्पर्शही सहन होईनासा झाला, तर युरिक ॲसिडचा विचार करावा. चिकुनगुनियानंतरही सांधे महिनोन्महिने दुखतात. 2006 च्या साथीत महाराष्ट्राने ते पुरेपूर अनुभवले आहे.

पाठीचे बहुतेक दुखणे स्नायूंचे असते आणि काही आठवड्यांत ओसरते. एक-दोन दिवसांहून अधिक अंथरुणाला खिळून राहू नये. कमरेतून निघालेली कळ पायात पोटरीपर्यंत उतरली तर मणक्यांमधील गादी नस दाबत असावी. काही अंतर चालल्यावर पाय जड होतात, बसले की बरे वाटते, सायकलवर मात्र त्रास होत नाही, अशी तक्रार काही आजोबा करतात. त्यांच्या मणक्यातील नसांची वाट अरुंद झालेली असते, कारण पुढे वाकले की ती थोडी रुंदावते.

आजींच्या बाबतीत मात्र एक गोष्ट घरच्यांनी विसरू नये. पाण्याची कळशी उचलताना किंवा जराशी बसकण झाली असताना अचानक उठलेली पाठीतली तीव्र कळ ही ‘उसण’ समजून चोळत बसू नये. हाडे ठिसूळ झाली असल्यास मणका एवढ्यानेही दबून मोडतो. तेलाच्या मालिशीने आखडलेल्या स्नायूंना आराम मिळतो, हे खरेच. पण ते तेल कूर्चेपर्यंत पोहोचत नाही, आणि मोडलेल्या मणक्यावर रगडणे धोक्याचे. रात्री विश्रांतीतही न थांबणारी पाठदुखी, सोबत संध्याकाळचा ताप आणि उतरणारे वजन असेल तर मणक्याचा क्षयरोग आणि कर्करोग या दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात. आणि पाठदुखीबरोबर लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतील शक्ती गेली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एखादाच सांधा गरम, लाल होऊन ताप आला, तरीही तेच.

औषधांविषयी थोडे. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून रोज घेतल्यास जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे दुखावतात. मधुमेहींनी तर अधिकच जपावे. त्याहून मला भीती वाटते ती नाव-गाव नसलेल्या ‘वाताच्या पुड्यांची’. दोन दिवसांत गुडघे पळू लागतात, भूक वाढते, चेहरा भरतो आणि घरचे आनंदतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. त्याने साखर वाढते आणि आधीच ठिसूळ झालेली हाडे आणखी पोखरली जातात. घरात कोणी अशी पुडी महिनोन्महिने घेत असेल, तर रागावून ती एकदम बंद करू नका. शरीराला स्टेरॉइडची सवय झालेली असते. अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. पुडी आहे तशी घेऊन रुग्णासह त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ती कशी उतरवायची, हे ते ठरवतील.