चावला, म्हणजे बरा आहे

परदेशात जाऊन प्राण्यांची सेवा केल्याचे फोटो आता आपल्याकडेही घराघरांतल्या मोबाइलवर दिसतात. कुणाच्या भाचीच्या मांडीवर सिंहाचा बछडा, कुणाचा पुतण्या हत्तीच्या सोंडेला बिलगलेला. माझ्याकडे दाखवायला असा एकही फोटो नाही. केप टाउनच्या टेबल व्ह्यू भागात सॅनकॉब नावाची समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करणारी संस्था आहे. तिथे मी स्वयंसेवक म्हणून राबले, आणि ज्यांची म्हणून सेवा केली ते सगळे माझ्यावर मनापासून चिडलेले होते.

आफ्रिकन पेंग्विन जेमतेम तीन किलोचा. भायखळ्याच्या राणीच्या बागेत काचेपलीकडे पोहणारे हम्बोल्ट पेंग्विन हे त्याचे जवळचे भाऊबंद, त्यामुळे मुंबईकराला चेहरा ओळखीचा वाटतो. पण मधली काच गेली की ओळख पार बदलते. चोचीचं टोक वाकडं आणि कडा धारदार. पंख उडण्यासाठी नसून पाणी कापण्यासाठी, त्यामुळे असे टणक की एक फटका बसला तरी मनगटावर वळ उठतो. आणि आवाज? गाढवाचा. डोळे मिटून ऐकलं तर समुद्रकिनारी आलोय यावर विश्वास बसत नाही.

याला भरवायचं कसं, तर रबरी अंगरखा आणि जाड हातमोजे घालून बसायचं, पक्षी दोन गुडघ्यांमध्ये धरायचा, एका हाताने मागून डोकं पकडायचं, दुसऱ्या हाताने चोच उघडून सार्डिन आत सरकवायचा. सार्डिन म्हणजे आपल्या तारल्याच्याच कुळातला मासा. तो डोक्याकडूनच घालायचा, नाहीतर खवले आणि पर उलटे फिरून घशाला टोचतात. पेंग्विन सगळं शांतपणे होऊ देतो. मासा अर्धा आत गेला की तुम्हाला जरा हायसं वाटतं, आणि नेमक्या त्याच क्षणी तो मान झटकतो. मासा थेट तुमच्या तोंडावर. मग तोच मासा उचलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

“एवढे पैसे खर्चून पक्ष्यांचं हगणं-मुतणं काढायला गेलीस?” आईने फोनवर विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. कामाचे बहुतेक तास घासण्यात जातात: पेट्या, चटया, टॉवेल, कुंपणं, फरशी. पेंग्विनची शीट जागच्या जागी पडत नाही, पिचकारीसारखी मागे उडते. अंटार्क्टिकातल्या पेंग्विनांची ही पिचकारी किती दाबाने सुटते याचं गणित मांडणाऱ्या शास्त्रज्ञांना 2005 मध्ये इग नोबेल पुरस्कार मिळाला. ती सुमारे 40 सेंटिमीटरपर्यंत जाते म्हणे. केप टाउनचे पेंग्विन त्या अभ्यासात नव्हते, पण माझ्या गमबुटांची साक्ष काढली असती तर शास्त्रज्ञांना बरीच माहिती मिळाली असती.

तिथे पेंग्विनपेक्षाही ज्याच्यापासून जपून राहावं लागतं तो गॅनेट. हा पांढराशुभ्र, देखणा पक्षी उंचावरून समुद्रात सूर मारून मासे पकडतो. त्याची लांब, टोकदार चोच समोरच्याच्या डोळ्यांचा वेध घेते, म्हणून त्याला हाताळताना आधी संरक्षक चष्मा चढवायचा.

केंद्रात पेंग्विनची पिल्लंही असतात. ती तिथे येतात कशी, हे ऐकण्यासारखं आहे. पेंग्विन वर्षातून एकदा अंगावरची सगळी पिसं एकदम बदलतो. तेव्हा तो दिसतो उसवलेल्या गादीसारखा. नवी पिसं येईपर्यंत अंगात पाणी मुरतं, त्यामुळे साधारण तीन आठवडे समुद्रात उतरणं बंद, म्हणजे जेवणही बंद. त्याआधी भरपूर खाऊन चरबी साठवावी लागते. उशिरा जन्मलेली पिल्लं अजून परावलंबी असतात आणि आईबापांची पिसं झडायची वेळ येऊन ठेपते. मग ती घरट्यात उपाशी राहतात. अशी पिल्लं उचलून वाढवायची आणि परत समुद्रात सोडायची, हा कार्यक्रम संस्थेने 2006 मध्ये सुरू केला.

संस्था त्याहून जुनी, 1968 सालची. तेलवाहू जहाजांच्या अपघातांत तेलाने माखलेले पक्षी धुण्यापासून तिचं काम सुरू झालं. जून 2000 मध्ये ‘ट्रेझर’ नावाचं जहाज रॉबेन आणि डासेन या बेटांच्या परिसरात बुडालं. (रॉबेन म्हणजे मंडेलांच्या तुरुंगाचं बेट.) सुमारे 19 हजार पेंग्विन तेलाने माखले. जगभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी ते एकेक करून धुतले. अजून न माखलेल्या सुमारे साडेएकोणीस हजारांचं करायचं काय? त्यांना ट्रकमधून पूर्वेला पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडलं. 800 किलोमीटरहून जास्त पोहत ते घरी पोहोचेपर्यंत इकडे तेल काढून व्हावं, हा हिशोब. तो जमला! पीटर, पर्सी आणि पामेला या तिघांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं होती आणि त्यांचा प्रवास लोक इंटरनेटवर रोज पाहत होते. आपल्याकडे क्रिकेटचा स्कोअर विचारतात, तसा तिकडे पीटर कुठवर आला हे विचारलं जात असणार.

केंद्रात पक्ष्यांशी लाडाने बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही. त्यांना माणसाची सवय लागली तर बाहेर जगायचं कसं? बरा होत चाललेला पेंग्विन ओळखायची माझी खूण अगदी साधी होती. आल्या दिवशी मान टाकून बसलेला पक्षी जेव्हा दात-ओठ खाऊन, म्हणजे दात नसतानाही, हातमोज्याचा लचका तोडतो, तेव्हा त्याची घरी जायची वेळ जवळ आली म्हणायची.

सोडायच्या दिवशी खोकी वाळूवर ठेवून पाण्याच्या बाजूने उघडली. बाकीचे घोळक्याने डुलत पाण्याकडे निघाले. एक मात्र उलटा वळला आणि थेट आमच्या गाडीकडे चालू लागला. सायमन्स टाउनच्या बोल्डर्स किनाऱ्यावर ‘गाडी सुरू करण्यापूर्वी खाली पेंग्विन नाही ना ते पाहा’ अशी पाटी आहे, ती का लावली ते तेव्हा नीट पटलं. त्याला वळवून आणला, तर जाता जाता माझ्या बुटाला एक चावा घेऊन गेला. मागे वळून कुणीही पाहिलं नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये हा पक्षी अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. जगात त्याच्या विणीच्या 10 हजार जोड्याही उरलेल्या नाहीत. त्याच्या वाट्याचे सार्डिन आणि अँकोव्ही बोटी उचलून नेतात, हे त्यातलं एक मोठं कारण. मार्च 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाच्या आदेशाने सहा प्रमुख वसाहतींभोवती दहा वर्षांसाठी या मासेमारीवर बंधनं आली.

आता त्या बछड्यांच्या फोटोंबद्दल. याच दक्षिण आफ्रिकेत अनेक फार्मवर सिंहाचे बछडे जन्मल्यावर लगेच आईपासून तोडतात आणि ‘अनाथ’ म्हणून स्वयंसेवकांच्या मांडीवर देतात. मोठे झाल्यावर त्यांतले कित्येक कुंपणात शिकाऱ्यांच्या बंदुकीसमोर उभे केले जातात. 2015 च्या ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने हा धंदा जगासमोर आणला. बाटलीने दूध पाजणाऱ्या पोरांना यातलं काही ठाऊक नसतं, आणि पैसे मात्र तीच भरत असतात.

तुमच्या घरातलं कुणी अशा कामाला निघालं असेल, तर पैसे भरण्याआधी संस्थेला दोन प्रश्न विचारायला सांगा: हा प्राणी शेवटी जातो कुठे, आणि आम्हाला त्याला कुरवाळता येईल का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर तिकीट काढू नका.