शहरांचा आवाज, खोऱ्यांचे मौन

खोडदच्या माळावरील महाकाय अँटेना अवकाशातील अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. त्याच जुन्नर-आंबेगावच्या डोंगरकपारीत माणसाचा आवाज पोहोचविण्यात खासगी रेडिओला मात्र रस वाटला नाही.

अनिल अंबानी समूहाच्या बिग एफएमने २००६ साली गाजावाजात पदार्पण केले. अल्पावधीत ४५ केंद्रे उभी राहिली; पुढील लिलावानंतर ती साठीच्या घरात गेली. पाया मात्र कर्ज आणि जाहिरात यांचाच. २०१९ मध्ये जागरण समूहाच्या कंपनीशी सुमारे १,०५० कोटींचा सौदा ठरला, तो फिसकटला. २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये न्यायाधिकरणाच्या मंजुरीने सफायर मीडियाच्या हाती आली.

धनकोंच्या नुकसानीची चर्चा झाली. श्रोत्याचे काय? परवाने शहरांचे, जाहिराती शहरांच्या. शिवाय खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई, मुभा केवळ आकाशवाणीची वार्तापत्रे ऐकविण्याची. (हा संकोच सर्वच पक्षांच्या सरकारांनी निष्ठेने जपला!) ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावातील माळीण दरडीखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक जीव गेले. गाव दिसेनासे झाल्याची वार्ता बाहेर आली ती एसटीच्या चालकामुळे.

त्याच २००६ साली सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला झाला होता. बिबट्याचा वावर, नारायणगावचा टोमॅटोचा भाव, घाटातील पावसाचा इशारा सांगण्यासाठी साठ केंद्रांचे साम्राज्य लागत नाही. एखाद्या शिक्षणसंस्थेचा छोटा मनोरा आणि गावची बोली जाणणारी चार माणसे पुरतात.