तृतीयपंथी मुलांचा प्रश्न शाळेत शिकवा, तोही संविधानातून



आठवीत माझ्या वर्गात एक मुलगा होता. चालणं-बोलणं मुलींसारखं. पोरं त्याला आधी 'बायल्या' म्हणायची, मग 'छक्का' म्हणू लागली. मुतारीत मोठी पोरं अडवायची, म्हणून तो दिवसभर पाणीच प्यायचा नाही. शिक्षकांना सगळं माहीत होतं. नववीत त्याने शाळा सोडली. त्याला हसणाऱ्यांत मीही होतो. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, तरीही हसत होतो.

लहानग्या भीमरावाला शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं. पाणी शिपायाने वरून ओतलं तरच मिळायचं. शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. हे आपण दर 14 एप्रिलला सांगतो. मग आपल्याच वर्गातलं दुसरं मूल तहानलेलं का बसलंय, हे आपण का विचारत नाही?

2011 च्या जनगणनेत 'इतर' या लिंगाखाली 4,87,803 जणांची नोंद झाली. त्यांची साक्षरता सुमारे 56 टक्के, देशाची सुमारे 73. ही मुलं शाळेतून आपणहून जात नाहीत, त्यांना घालवलं जातं.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे, आणि कलम 15 व 16 मधल्या 'लिंग' या शब्दात लिंगओळखही येते. 2019 च्या कायद्यातलं कलम 13 सरकारी आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना भेदभाव न करता समावेशक शिक्षण द्यायला सांगतं. पण 2021 मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी या विषयावरची एक पुस्तिका काढली, तेव्हा राष्ट्रीय बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून गायब झाली. शिक्षकालाच शिकू द्यायचं नाही, तर तो मुलांना काय शिकवणार?

काही जण म्हणतात, "मुलांची डोकी बिघडतील." अरे, शिव्या मुलं तिसरीतच शिकतात! तेव्हा डोकं बिघडत नाही, आणि माणुसकी शिकवली की बिघडतं?

शिकवणं अवघडही नाही. पहिली ते चौथीत एवढंच सांगा : कुणाच्या चालण्या-बोलण्याला, कपड्याला, आवडीच्या खेळाला हसायचं नाही. पाचवी ते सातवीत नागरिकशास्त्रात कलम 14 आणि 15 शिकवताना तृतीयपंथी नागरिकाचं उदाहरण द्या. आठवीनंतर इतिहास सांगा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या पहिल्या भागात जमाती होत्या, तर दुसऱ्या भागात हिजडा समाज. त्यांची पोलिसांत नोंद ठेवायची, बायकी कपड्यात रस्त्यावर दिसले तर पकडायचं. याच कायद्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी पारधी, कैकाडी समाजाच्या कपाळी जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. एका इंग्रजी कायद्याने दोघांनाही डागलं, हे भटक्या-विमुक्तांच्या मुलांना कळलं तर ती टाळी वाजवणाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील.

मात्र हे दयेचा धडा म्हणून शिकवू नका. 'बिचारे' म्हणणं हासुद्धा वरून पाणी ओतण्याचाच प्रकार आहे. आपल्याला 'हरिजन' नको होतं, त्यांनाही सहानुभूती नको, हक्क हवा आहे.

आता थोडं आपल्या घरात बघू. आपल्या वस्तीत, आपल्या मिरवणुकीत 'छक्का' ही शिवी चालते की नाही? दलित तृतीयपंथी मुलाला शाळेत जात आडवी येते आणि वस्तीत लिंग. म्हणूनच तर समांतर आरक्षणाची मागणी होते आहे. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का दिलं. महाराष्ट्रात ही मागणी आपली का नसावी?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळांत ते पालक बहुतेक आपलेच आहेत. पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा : कडी लागेल असा एक संडास प्रत्येक मुलासाठी खुला आहे का? आणि चिडवणाऱ्याला शिक्षक थांबवतात का? आणि 14 एप्रिलच्या व्याख्यानाला तृतीयपंथी कार्यकर्त्याला बोलवा. सत्काराच्या शालीपुरतं नको, वक्ता म्हणून.

माझ्या त्या वर्गमित्राची माफी मागायला मला उशीर झाला. आज त्याच बाकावर बसलेल्या मुलासाठी झालेला नाही.

जय भीम! जय संविधान!