गरोदर बाईच्या ताटातला मासा

रत्नागिरीत बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरला हिमोग्लोबिनइतकंच माशांवर बोलावं लागतं. पहिल्या तपासणीला आलेली मुलगी गप्प बसते, विचारते तिची सासू. "मॅडम, हिला मासे चालतील ना? मोबाइलवर आलंय, माशांत पारा असतो, पोराच्या डोक्यावर परिणाम होतो म्हणे." ही भीती गेल्या काही वर्षांत वाढली आहे आणि तिचा परिणाम मला रिपोर्टमध्ये दिसतो. ज्या घरात दोन्ही वेळ मासळी शिजते त्या घरातली पोटुशी सून वरणभात आणि लोणच्यावर दिवस काढते. मासे बंद झाले, त्यांच्या जागी मात्र काहीच आलं नाही.

मासळी सरसकट बंद करणं मला साफ चुकीचं वाटतं. पण 'आमचे वाडवडील खात आले, काही झालं नाही' म्हणून कुठलाही मासा कितीही खाणं, हेही मी माझ्या पेशंटला करू देत नाही. कुठला मासा, केवढा आणि कुठल्या पाण्यातला, हे तिला कळायला हवं. त्यातलं कुठला आणि केवढा हे मी सांगू शकते. कुठल्या पाण्यातला, हे मला सांगता येत नाही, कारण ते मोजून लोकांपुढे ठेवण्याची जबाबदारी ज्यांची आहे ते ती पार पाडत नाहीत.

पाऱ्याची भीती हवेतून आलेली नाही. जपानमध्ये क्युशू बेटावरच्या मिनामाता गावात चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. त्यातला पारा मिथाइल पाऱ्याच्या रूपात सांडपाण्याबरोबर समुद्रात जात होता. गावातली मांजरं आधी झिंगल्यासारखी नाचत मेली, मग माणसं आजारी पडू लागली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच इस्पितळाने मेंदूच्या एका अनोळखी आजाराची नोंद सरकारदरबारी केली. तिथले प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजराच्या खाण्यात घालून पाहिलं आणि त्या मांजराला तोच आजार झाला. कंपनीने हा प्रयोग दाबून ठेवला. विषारी पाणी थांबायला १९६८ साल उजाडलं. बाळंतपणं करणारी डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट कधी विसरता येत नाही. कित्येक आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची मुलं जन्मतःच मेंदूचा आजार घेऊन आली. तोवर डॉक्टरांचा समज होता की वार बाळाचं विषापासून रक्षण करते. मिथाइल पारा वार सहज ओलांडतो. एवढंच नाही, बाळाच्या नाळेतल्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षाही जास्त सापडतो.

आपला किनारा म्हणजे मिनामाता नव्हे. तिथे एका कारखान्याने एका आखातात वर्षानुवर्षं विष ओतलं. आपल्या समुद्रातला बराचसा पारा दुरून येतो. जगात हवेत पारा सोडणाऱ्यांत छोट्या सोन्याच्या खाणी पहिल्या आणि कोळसा जाळणं दुसरं. हा पारा पावसाबरोबर खाली येतो, गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, तो शेवाळात जातो, शेवाळ खाणाऱ्या बारीक जिवांत जातो, त्यांना खाणाऱ्या माशांत आणि मग त्या माशांना खाणाऱ्या मोठ्या माशांत. प्रत्येक पायरीवर तो साठत जातो. म्हणून मासा जितका मोठा, जितका म्हातारा आणि जितका शिकारी, तितका त्याच्यात पारा जास्त. तो चरबीत नसतो, मांसात असतो. त्यामुळे कातडी काढून, मीठ-हळद लावून, कोकमाच्या पाण्यात ठेवून किंवा कडक तळून तो जात नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'नीट धुतला की झालं' असं मला अनेक घरांतून ऐकायला मिळतं.

मग मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांचं प्रत्यक्षात काय झालं? याची उत्तरं दोन बेटसमूहांवरून आली आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत असं वरवर पाहता वाटतं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर लोक माशांबरोबर पायलट व्हेलचं मांस खातात. तिथे ज्या आयांच्या शरीरात पारा जास्त होता, त्यांच्या मुलांची सातव्या वर्षी भाषा, स्मरण आणि एकाग्रता थोडी मागे असल्याचं दिसलं. २००८ मध्ये तिथल्याच वैद्यकीय अधिकाऱ्यांनी व्हेलचं मांस खाणं थांबवा असं सांगितलं, आणि ते त्यांच्या परंपरेचा भाग असूनही सांगितलं. हिंदी महासागरातल्या सेशेल्समध्ये मात्र बायका जवळजवळ रोज मासे खातात, व्हेल खात नाहीत. तिथल्या मुलांत तसं नुकसान दिसलं नाही. ब्रिस्टलच्या परिसरातल्या हजारो मायलेकरांचा अभ्यास २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात ज्या आया आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासळी खात होत्या, त्यांच्याच मुलांत भाषेची समज कमी असण्याचं प्रमाण जास्त निघालं. बाळाचा मेंदू शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने भरतो आणि त्याला डीएचए नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो. तो आपल्या जेवणात मासळीइतका दुसऱ्या कशात मिळत नाही. शिवाय आयोडीन, बी-१२, ड जीवनसत्त्व, चांगलं प्रथिन. ज्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे हे सगळं एका भीतीपायी ताटातून काढून टाकणं मला परवडणारं वाटत नाही.

अर्धवट सल्ल्याने काय होतं, हे अमेरिकेने पाहिलं आहे. २००१ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर बायकांना पाऱ्याचे काही मोठे मासे टाळायला सांगितले. बॉस्टनच्या आसपासच्या बायकांनी ते मासे कमी केले, आणि पारा नसल्यातच जमा असलेली मासळीही कमी केली. पुढे सल्ला बदलावा लागला. आता तिथे गरोदर बाईला आठवड्याला साधारण सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम कमी पाऱ्याची मासळी खा, असंच सांगतात.

हिशेब अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने आठवड्याला वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा ही वरची मर्यादा घालून दिली आहे. ५५ किलोच्या मुलीला आठवड्याचे ८८ मायक्रोग्रॅम. समजा, मोठ्या सुरमईच्या एका ग्रॅममध्ये अर्धा मायक्रोग्रॅम पारा आहे. तर पावणेदोनशे ग्रॅमला, म्हणजे दोन तुकड्यांत, आठवड्याचा कोटा संपला. समजा, बांगड्यात त्याचा दहावा हिस्सा आहे. तर तिला आठवड्याला पावणेदोन किलो बांगडा खाऊनही मर्यादा गाठता येईल की नाही इतकंच.

दवाखान्यात एवढी आकडेमोड सांगून उपयोग नसतो. मी सांगते, जो मासा अख्खा ताटात मावतो तो पोटभर खा, जो तुकड्यांवर विकतात तो क्वचित खा. मिरकरवाड्याला संध्याकाळी लिलावाच्या वेळी गेलं की हे डोळ्यांनी दिसतं. एका बाजूला हातभर लांबीच्या सुरमया आणि कुपे मांडलेले असतात, त्यांच्याभोवती हॉटेलवाले. दुसरीकडे तारलीचे चकचकीत ढीग, आणि त्यातला बराच माल माणसाच्या पोटात न जाता फिशमीलच्या कारखान्यात जायचा असतो. तारली दोन-अडीच वर्षं जगते, शेवाळावर आणि बारीक जिवांवर वाढते. पारा साठायला तिला वेळच मिळत नाही, आणि डीएचए मात्र तिच्यात भरपूर असतो. बाजारातला स्वस्तातला मासा गरोदर बाईसाठी सगळ्यात चांगला निघावा, याचा मला फार आनंद आहे. पण पाहुणा आला की सुरमई आणि सुनेचे डोहाळे पुरवायचे तरी सुरमई, अशी आपल्याकडे प्रतिष्ठेची उतरंड आहे. अमेरिकेच्या 'टाळा' यादीतला किंग मॅकरेल हा आपल्या सुरमईचा सख्खा भाऊबंद, एकाच वंशातला. तिरफळ घातलेलं तारलीचं किंवा बांगड्याचं तिखलं, मांदेली, बोंबील, पापलेट, कोळंबी यांवर आठवड्यातून दोन-तीनदा ताव मारा. सुरमईचा एखादा तुकडा कधीतरी.

मोरीबद्दल मात्र मला वेगळं बोलायला हवं. आमच्याकडे बाळंतिणीला मोरी खायला घालतात. दूध येतं, अंगात ताकद येते म्हणून. लेक माहेरी आली की आई वाट वाकडी करून मोरी शोधते, मसाला वाटून त्याचं कालवण करते. यात जे प्रेम असतं ते मी खूप जवळून पाहिलं आहे आणि त्याला नाक मुरडणाऱ्या डॉक्टरांपैकी मी नाही. पण मोरी म्हणजे शार्क. सावकाश वाढणारा, शिकार करून जगणारा मासा. अनेक देशांत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळायच्या किंवा कमी खायच्या यादीत तो असतो. लहान मोरीत मोठ्या शार्कपेक्षा पारा कमी असतो आणि दुधातून बाळाला जाणारा पारा पोटातल्यापेक्षा कमी असतो, हेही खरं. म्हणून एका कालवणाने घाबरू नका. मात्र सव्वा महिना दिवसाआड मोरी हा रिवाज सोडायला हवा. दूध मोरीने वाढत नाही, बाळाला वरचेवर अंगावर घेतल्याने वाढतं. तोच मसाला, तोच हात, आणि मोरीच्या जागी बांगडा. मी हे आयांना सांगते तेव्हा त्या सहसा ऐकतात. मिथाइल पारा शरीरातून निम्मा उतरायला साधारण पन्नास दिवस लागतात, त्यामुळे मूल हवं असं ठरवतानाच मोठे मासे कमी केलेले बरे.

आता पाण्याचं. खाडीतली तिसरी, कालवं, मुळे एका जागी बसून दिवसभर पाणी गाळत जगतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्यात उतरतं, जंतूही आणि शिसं, कॅडमियमही. उकळल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत. 'ताटात मावतो' हा माझा नियम इथे चालत नाही. स्वच्छ खाडीतली तिसरी हे उत्तम अन्न आहे. पण खाडी स्वच्छ आहे की नाही हे टोपली घेऊन दारात आलेल्या मावशीला कसं कळणार? लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या खाली वाशिष्ठी आणि दाभोळ खाडीत मासे मरून वर आल्याचं तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. तशीच महाडला सावित्री नदी आहे, पालघरला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. बोटीने जाऊन खोल समुद्रात मासे मारणं ज्यांना परवडत नाही, तीच माणसं खाडीवर जगतात, आणि त्यांच्याच घरच्या बायकांना आम्ही सांगायचं की खाडीचं खाऊ नका. मला हे सांगताना राग येतो. ज्याने पाणी बिघडवलं त्याला काही सोडावं लागत नाही, जिच्या पोटात बाळ आहे तिने जेवण सोडायचं.

मनात आणलं तर हे सुधारतं. उल्हास नदीच्या मुखाशी गाळात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना पारा सापडला होता, कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतून आलेला. त्या कारखान्यांवर बंधनं आली, सोडा बनवण्याची पाऱ्याची पद्धत मागे पडली, तसं गाळाच्या वरच्या थरांतलं प्रमाण उतरत गेलं. भारताने २०१८ मध्ये पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता कराराला मान्यताही दिली आहे.

तपासणीची यंत्रणा आपल्याकडे नाही असंही नाही. युरोपला जाणारी आपली मासळी पारा, शिसं, कॅडमियम यांच्या मर्यादेत आहे का, हे पाहिलं जातं. भारतातून गेलेल्या म्हाकुलात कॅडमियम जास्त निघालं म्हणून तिकडे माल अडवल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे निर्यातीच्या पेटीतलं म्हाकूल मोजलं जातं आणि त्याच होडीतून उतरून रत्नागिरीच्या बाजारात आलेलं म्हाकूल माझ्या पेशंटपर्यंत न मोजता पोचतं. २०१८ च्या जुलैमध्ये गोव्यात फॉर्मालिनवरून गदारोळ झाला, बाहेरच्या मासळीवर बंदी आली, मंडया ओस पडल्या. लोकांना आकडे कधी मिळतच नाहीत, म्हणून एखादी बातमी आली की सगळी मासळीच वाईट ठरते आणि त्यात मासेवालीचं पोट मारलं जातं.

रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. राज्याच्या मत्स्य विभागाने आणि अन्न व औषध प्रशासनाने त्यांच्याकडून पालघर ते सिंधुदुर्ग प्रत्येक जिल्ह्यातल्या मोठ्या बंदरावरची सुरमई, कुपा, मोरी, बांगडा आणि प्रत्येक मोठ्या खाडीतली तिसरी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासून घ्यावी. निकाल मराठीत बंदरावर लावावेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत आशाताईंच्या हाती द्यावेत. ज्या खाडीचा आकडा जास्त येईल तिथल्या कारखान्यांचं सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याच आठवड्यात तपासावं, आणि मच्छीमारांचा बुडालेला धंदा त्या कारखान्यांकडून भरून घ्यावा. सुरुवात दाभोळ खाडीच्या तिसऱ्यांपासून करावी, येत्या हंगामातच.