फाटकापलीकडचा समुद्र
(द्वितीय वर्ष, कला)

मुंबई ही समुद्राची नगरी, असे आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. पण या नगरीला समुद्र दोन आहेत, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. पश्चिमेचा समुद्र चौपाटीचा. तेथे भेळ खावी, वाळूत बसावे, कोणी हटकत नाही. पूर्वेचा समुद्र गोदीचा. गेटवे, भाऊचा धक्का अशा मोजक्या जागा सोडल्या, तर तो भिंतींआड आहे आणि गोदीत परवान्यावाचून पाऊल टाकता येत नाही.

याच किनाऱ्यावर, बॅलार्ड पिअरला, २० सप्टेंबर २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला १० लाख प्रवाशांची सोय तेथे होईल, असे सांगितले जाते. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. प्रश्न एवढाच, की ज्याच्या खिशात जहाजाचे तिकीट नाही, त्या मुंबईकराचे या बंदराशी नाते कोणते?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझे आजोबा गोदी कामगार. ते कोकणातून बोटीनेच मुंबईला आले. ते सांगत, बोटीत चढणारा एक आणि पोचवायला आलेले दहा! धक्का म्हणजे जत्राच. पुढे कोकणची ती बोट बंद पडली आणि सामान्य माणसाचे बंदरात जाण्याचे कारणही संपले. जहाजांत ज्यांनी माल भरला, त्यांच्या नातवंडांना आज जहाज दिसते ते चित्रात.

बंदराची सुखे मोजक्यांची असली, तरी त्याचे दुःख साऱ्या शहराने वाटून घेतले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा आसपासच्या वस्त्या जळाल्या आणि अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण वेचले. संकटात जो भागीदार, तो आनंदात परका का?

कोणी म्हणेल, सुरक्षेचे काय? हा प्रश्न खराच आहे. २००८ च्या नोव्हेंबरात हल्लेखोर समुद्रमार्गेच आले, हे मुंबई कशी विसरेल? शिवाय १ जुलै २००४ पासून जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत. परंतु हेच नियम जपानलाही आहेत. तेथील योकोहामा बंदरात ओसानबाशी नावाचा प्रवासी धक्का २००२ मध्ये नव्याने बांधला गेला. त्याचे छप्पर म्हणजे लाकडी फळ्यांचे आणि हिरवळीचे सार्वजनिक उद्यान आहे. खाली प्रवाशांची तपासणी चालते, वर गावची मुले जहाजे पाहतात. सुरक्षेसाठी माणसांना दूरच ठेवले पाहिजे असे नाही. वाट वेगळी करून दिली तरी पुरते.

मित्रहो, मागणे मोठे नाही. जहाज लागेल त्या दिवशी ओळखपत्र पाहून आत सोडणारी एक गच्ची असावी, चार बाक असावेत, पिण्याचे पाणी असावे आणि शाळांच्या सहलींना मुभा असावी. तिकिटावाचूनही बंदर पाहता आले पाहिजे. परदेशी पाहुण्यांसाठी आपण दार उघडले, ते उत्तमच झाले. आता घरच्या माणसांसाठी निदान एक खिडकी उघडावी.