बावीस इंची बडेजाव

उरणकडच्या जासई, चिर्ले, गव्हाण फाटा या पट्ट्यात झाडतोडीचा ठेकेदार कामाला आला की बघे आधी त्याच्या कटरचा, म्हणजे चेनसॉचा, बार बघतात; बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी. बार लांब तर गडी पक्का, आखूड तर नवशिका, असा एक सोपा समज होऊन बसला आहे. गल्लोगल्ली मिळणारे स्वस्त चिनी कटर याच समजावर खपतात. ५८ सीसीचे इंजिन आणि त्याला २२ इंची बार. मला हा बडेजाव मान्य नाही. आपल्याकडचे लाकूड, आपल्याकडची इंजिने आणि रस्त्याकडेची धूळ पाहता रोजच्या धंद्याला १८ इंची बार आणि सेमी-चिझल चेन हीच जोडी योग्य आहे.

लांब बारवाल्यांचा पहिला मुद्दा असा की झाड मोठे तर बारही मोठा हवा. वरवर बिनतोड वाटतो. पण आपल्याकडे झाड मोजतात घेराने, छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून, आणि बारला कापायचा असतो व्यास. चार फूट घेराचा साग म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अवाढव्य बुंधा उभा राहतो. घेराला ३.१४ ने भागा, व्यास येतो जेमतेम १५ इंच. सात फूट घेराचा आंबाही २७ इंचांच्या आतच भरतो, आणि तो १८ इंची बारने दोन्ही बाजूंनी कापता येतो. दोन्ही काप एका पातळीत भेटायला हवेत, एवढे कसब मात्र लागते. ते नसेल तर माणसाने मोठ्या झाडाला हातच लावू नये. बारची लांबी कसबाची भरपाई करत नाही.

दुसरा मुद्दा मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेला आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे लाकूडतोडे ३२-३६ इंची बार सहज चालवताना दिसतात. दिसतात खरे. पण त्यांच्या हातात ७० ते ९० सीसीची मशीन असते, समोर डग्लस फरसारखे मऊ, सरळ, स्वच्छ लाकूड असते आणि लांब बारवर ते बहुधा कमी दात असलेली स्किप चेन चढवतात. त्याच धंद्यातले स्वीडन-फिनलंडमधले लोक बहुतेक काम १५ ते १८ इंचांवर उरकतात, कारण त्यांची झाडे बारीक. दोघेही आपापल्या लाकडाकडे बघून बार निवडतात. आपण मात्र त्यांच्याकडे बघून निवडतो! आपल्यापुढे काय असते? चिवट सुरू, टणक बाभूळ, चिंचेचा गाभा, आणि अंगात वाळूसारखी सिलिका बाळगणारा साग, जो धार खातो. अशा लाकडात ५८ सीसीच्या इंजिनाने बावीसच्या बावीस इंच गाडले की चेन रडते, क्लच तापतो, आणि चालवणारा अंगाचा भार टाकून कापायला लागतो. ओंडका पंधरा इंचांचा असेल तर उरलेले सात इंच हवेतच फिरतात. त्यांचे वजन हाताला, त्यांचे तेल खिशाला. २२ इंची चेनला बारच्या खाचेत फिरणारे मधले दाते साधारण ८६, म्हणजे कापणारे दात त्याच्या निम्मे, ४३. १८ इंचीला ३६ च्या आसपास. दरवेळी सात दात जास्त घासायचे.

लांब बारने माणूस झाडापासून दूर, म्हणून सुरक्षित राहतो, हा तिसरा मुद्दा. वाकावे कमी लागते हे मी मान्य करतो, कंबरेला ते सुखाचेच. पण किकबॅक, म्हणजे मशीनचा उलटा झटका, बसतो तो बारच्या टोकाच्या वरच्या चतुर्थांशात काही अडकल्यामुळे, आणि लांब बारचे टोक ओंडक्यापलीकडे, नजरेआड असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात एकमेकांवर पडलेली, ताणलेली झाडे कापावी लागली. अशा गुंत्यात टोक कुठल्या फांदीला टेकले हे न दिसणे म्हणजे मशीन उसळून तोंडावर येण्याला आमंत्रण.

आता चेनविषयी. फुल-चिझल चेनचा दात कोपऱ्याला चौकोनी, टोकदार. स्वच्छ लाकडात ती झपाट्याने उतरते आणि दुकानात तिचीच भलामण होते. पण जासईकडच्या रस्त्यांवरून बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर-ट्रेलरची धूळ सालींत बसलेली असते. कोपऱ्याला खडा लागला की फुल-चिझलचा सगळा तोरा गेला. सेमी-चिझलचा कोपरा गोलसर. ती थोडी सावकाश कापते, पण मळक्या, वाळल्या, कडक लाकडात धार जास्त वेळ धरते. दिवसाच्या शेवटी पुढे तीच असते.

आणि धार ही दुकानातून एकदा विकत घ्यायची वस्तू नाही. आजच्या चेनच्या दाताची कल्पना ओरेगनमधल्या जो कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यांवरून सुचली. अळीला कानस लागत नाही, आपल्याला लागते. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच उरण तालुक्यात, चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगल सत्याग्रहाला गेलेल्यांनी पात्याची लांबी मोजली नसेल, धार मात्र बोटाने नक्की पाहिली असेल. कटरचीही परीक्षा तीच. ढलप्या उडत असतील तर चेन ठीक; बारीक भुसा पडू लागला की थांबा. पेट्रोल भरताना प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारले तर ही वेळच येत नाही.

दहा फूट घेराच्या विलायती शिरीषाला मात्र माझा १८ इंची हट्ट लागू नाही. तिथे ७० सीसीच्या वरचे मशीन आणि २५-२८ इंची बार हवाच, आणि तो चालवणारा जुना हातही हवा. वर्षातून दोनदा येणाऱ्या अशा कामासाठी मशीन भाड्याने आणा.

बाकीच्या रोजच्या कामासाठी जुना बार झिजला की दुकानात जाताना त्याच्या मुळाशी कोरलेले पिच (चेनच्या दुव्यांमधले अंतर) आणि गेज (मधल्या दात्यांची जाडी) लिहून न्या. पिच स्प्रॉकेटशी आणि गेज बारच्या खाचेशी जुळले नाही तर पैसे पाण्यात. ०.३२५ इंची पिच असेल तर १८ इंची बार, दोन सेमी-चिझल चेन आणि ४.८ मिलिमीटरची गोल कानस मागा. दुकानदार २२ इंचीचा आग्रह धरेल, धरू द्या.