रेव्हरंड टिळकांचे घर

१९१९ सालच्या मे महिन्याच्या ९ तारखेस रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मुंबईत देह ठेवला. त्यांची आठवण निघाली की ‘वनवासी फूल’चे नाव घ्यावयाचे, फुलामुलांचा कवी म्हणून दोन गोड शब्द बोलावयाचे आणि स्मरण पुरे झाले असे मानावयाचे, ही आपल्याकडची रीत. कवीच्या या मानाबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्या श्रद्धेपायी या माणसाने गणगोत आणि भरले घरही पणास लावले, त्या श्रद्धेचा उच्चार आपण एखादी अडचणीची गोष्ट सांगावी तसा खालच्या आवाजात करतो. हा संकोच कशासाठी?

कोकणातील करजगावी १८६१ साली चित्पावन कुळात जन्मलेल्या टिळकांस १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने ‘नवा करार’ वाचावयास दिला. दोन वर्षांनी, १८९५ च्या फेब्रुवारीत, मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयात त्यांनी पत्नीस विश्वासात घेतले नव्हते. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. पदरी लहानगा दत्तू, भोवती सोवळ्याओवळ्यात वाढलेले आप्तजन आणि नवरा जिवंत असून दुरावलेला! पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाने त्यांनी जे दिवस काढले, ते वाचताना आजही डोळे ओलावतात. आम्ही टिळकांचे चाहते खरे. पण येथे त्यांची वकिली करण्यास आमची लेखणी धजत नाही.

मात्र त्यांची खरी परीक्षा पुढेच झाली, आणि तीत ते उतरले. काही वर्षांनी बाई परत आल्या त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी तिला सक्ती केली नाही. धर्मोपदेश हेच ज्याचे काम, त्याच्याच घरात चूल निराळी, पाणी निराळे! बाहेर लोकांस ख्रिस्ताकडे बोलावणारा हा माणूस घरात मात्र वाट पाहत राहिला. ही वाट पाहणे आम्हांस त्यांच्या पुष्कळशा प्रवचनांहून मोठे वाटते. राहुरीस असताना जातिभेद हा देवाने नव्हे तर माणसाने केला, असे लक्ष्मीबाईंच्या मनानेच घेतले आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला.

संसारी म्हणून हा गृहस्थ अवघडच. राग नाकावर, पैसा हातात ठरत नसे, आणि घरात परकी पोरे वाढत तेव्हा चुलीवर काय शिजणार याचा घोर बाईंनाच! तरुण बालकवी ठोंबरेही याच नगरच्या घरात मुलासारखे राहिले. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी म्हणवून घेतले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. संन्यासी खरे, पण बायकोमुलांची माया काही सुटली नाही.

परक्या चालींवर गाणाऱ्या मराठी मंडळीस त्यांनी अभंग दिला, भजन दिले, कीर्तन दिले. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत आली. आपल्या सीमेवरील गावांत मराठी ही एकाच देवळाची मिरास मानणारे कोणी असतील, तर त्यांनी रविवारी जवळच्या मराठी देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशी क्षणभर उभे राहावे.

टिळकांचे चरित्र आज आपल्यास ठाऊक आहे ते मुख्यतः लक्ष्मीबाईंमुळे. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. नवऱ्याचे दोष तीत झाकलेले नाहीत, आणि भक्तीही लपलेली नाही. थट्टा तर पानोपानी! शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईस अक्षरओळख टिळकांनीच करून दिली होती. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे दहा अध्याय लिहून ते गेले. उरलेले चौसष्ट अध्याय तिने लिहिले.